हद्दीबाहेरचा फोन

१

गंगी गेली त्या सकाळी रुग्णवाहिका चिखल्याच्या शेडमध्ये उभीच होती. डिझेल भरलेलं होतं, सिलिंडर भरलेला होता आणि चालक सुदाम दार उघडं टाकून चहा पीत बसला होता. त्याला निघायला कोणी सांगितलंच नाही.

फोन मात्र आला होता. वेवजीच्या पाड्यावरून काकड्याने केला होता. बायको बाळंत झालीय, रक्त थांबत नाही, गाडी पाठवा. गाडीसाठीचे फोन घेणाऱ्या डहाणूच्या केंद्रात रुचिकाने फोन घेतला, माहिती कॉम्प्युटरवर भरली, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: गाडी पाठवू नये. काकड्याने शेवटी भाजीचा टेम्पो थांबवला. तलासरी यायच्या आधीच गंगीने मान टाकली. तिची नवजात मुलगी तेवढी वाचली.

ते २०१९ साल होतं. आदल्या दिवाळीपासून डहाणू-तलासरीची जमीन भूकंपाच्या धक्क्यांनी हलत होती. लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते, आणि गाडीसाठी येणारे फोन वाढत चालले होते. आधारवेल न्यासाकडे गाड्या दोनच. एक कासा इथे आणि दुसरी चिखल्याला, न्यासाचे अध्यक्ष हरिश्चंद्र सावे यांच्या वाडीच्या कडेला. कोणाकडे आधी जायचं हे ठरवायला न्यासाने एक प्रोग्राम घेतला होता. सगळे त्याला 'पंच' म्हणत.

पंचाने मारलं, असं लोक म्हणू लागले. मग म्हणू लागले की पंच कसला मारतोय, पंच बनवणाऱ्याने मारलं. पंच बनवला होता डहाणूच्या जतीन शाहने. त्याच्या दुकानावर दगड पडला, तेव्हा हरिश्चंद्रभाऊंनी विनिता चुरी यांना बोलावून घेतलं.

विनिताबाई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायच्या. मुलं मिळेनात म्हणून कॉलेजने विषय बंद केला, आणि बाई घरी बसल्या.

"जतीन तुमचाच विद्यार्थी," हरिश्चंद्रभाऊ म्हणाले. "तुम्हीच शोधा. तुमच्यावर कोणी शंका घेणार नाही."

विनिताबाईंच्या मनात आलं, उलट सगळ्यात आधी माझ्यावरच घेतील. पण त्या हो म्हणाल्या. केंद्रात जाऊन त्यांनी रुचिकाला तो फोन पडद्यावर पुन्हा काढायला लावला. लाल अक्षरांच्या खाली एक बटण होतं: का? ते कोणी दाबलंच नव्हतं.

बाईंनी दाबलं. पंचाने शांतपणे कारण सांगितलं: फोन सीमेपलीकडच्या टॉवरवरून आला. अशा टॉवरवरून येणारे फोन हद्दीबाहेरचे. सबब गाडी पाठवू नये.

"पण वेवजी तर आपल्या हद्दीतच आहे," बाई म्हणाल्या.

रुचिका तलासरीची. ती खालच्या मानेने म्हणाली, "वेवजीत सगळ्यांचे फोन गुजरातचाच टॉवर धरतात, मॅडम. हे इथे लहान पोरालाही माहीत आहे."

२

जतीन दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला होता. बाईंना पाहून तो उठला, पण नजर भिडवेना.

"मॅडम, आईशप्पथ, तो नियम मी नाय लिहिला."

"मग कोणी लिहिला?"

"कोणीच नाय. पंचमध्ये दोन प्रकारचे नियम असतात. एक लिहिलेले. डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपण असेल तर आधी पाठवा, मी तसं टाकलं. दुसरे शिकलेले. प्रत्येक फेरीनंतर तपासणारा माणूस 'बरोबर' किंवा 'चूक' दाबतो. काही दाबलं नाय तर फेरी बरोबर धरायची. पंच त्या फेऱ्या बघतो आणि चुकीच्या फेऱ्यांमध्ये सारखं काय आहे ते शोधतो. सापडलं की नियम करतो, आणि तो लिहिलेल्याच्याही वर चालतो."

"आणि एखादी फेरी त्या नियमाच्या विरोधात गेली तर?"

"एक जरी बरोबर फेरी आड आली, तरी नियम बाद. हे तुम्हीच शिकवलेलं ना, सगळे कावळे काळे म्हटलं आणि एक पांढरा दिसला की संपलं."

बाईंना हसू आलं नाही. "हा नियम 'शिकलेला' असं तू म्हणतोस. तसा शिक्काही तूच मारू शकतोस, जतीन. माझा विश्वास का बसावा?"

जतीनचा चेहरा उतरला. मग त्याने कपाटातून जुना लॅपटॉप काढला. पंचाची कोरी प्रत, ज्यात एकही शिकलेला नियम नव्हता. बाईंनी ती स्वतः तपासली. मग केंद्रातून दिवाळीनंतरच्या सगळ्या फेऱ्या, त्यांच्या बरोबर-चूक खुणांसह, बाईंच्याच फोनवर रुचिकाने पाठवल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्या कोऱ्या पंचाला दिल्या. जतीनला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

थोड्या वेळाने पडद्यावर तोच नियम आला. शब्दाला शब्द.

बाई शटरखालून वाकून बाहेर आल्या. "आत ये," त्या म्हणाल्या. "तू लिहिलेला नाहीस."

"मी तेच सांगत होतो."

"एवढ्यावर सुटलास असं समजू नकोस. सीमेलगतच्या पाड्यांतली एकूण एक फेरी 'चूक' दाबलेली असल्याशिवाय हा नियम उभाच राहिला नसता. त्या फेऱ्यांतली माणसं खरोखर आजारी होती की नाही?"

जतीनला ते माहीत नव्हतं. बाईंना हवं होतं ते उत्तर वेवजीत मिळणार होतं.

काकड्याच्या झोपडीपुढे ताडपत्री ताणलेली होती. त्याची आई बायजी नातीला मांडीवर घेऊन वाटीने दूध पाजत होती. काकड्या बाईंशी आधी बोलेचना.

"तुमीबी न्यासाच्याच ना?"

"न्यासाने बोलावलंय. पण जे सापडेल ते तुमच्यापासून लपवणार नाही."

मग तो बोलला. दिवाळीनंतर गाडी या बाजूला आली होती. हिरूच्या छातीत दुखलं तेव्हा आली. बाबल्या ताडावरून पडला तेव्हा आली. दोघंही दवाखान्यात राहून बरे होऊन आले. "माज्या गंगीलाच का नाय आली? आमचा फोन गुजरातचा टावर धरतो, त्यात आमचा गुना काय?"

म्हणजे फेऱ्या खऱ्या होत्या, माणसं जगली होती. तरीही कोणीतरी प्रत्येक फेरीवर 'चूक' दाबलं होतं.

हा नियम पंचाला कोणीतरी शिकवला होता.

३

फेऱ्या तपासून खुणा करायची चावी, म्हणजे पासवर्ड, तिघांकडे होती: डॉ. निधी, रुचिका आणि हरिश्चंद्रभाऊ. पासवर्ड एकच, त्यामुळे कोणी काय दाबलं हे पंच सांगू शकत नव्हता. केव्हा दाबलं एवढंच सांगत होता.

न्यासाच्या डॉ. निधी कासा इथल्या दवाखान्यात बसत. बाहेर जीपमधून माणसं उतरत होती, बाकावर जागा नव्हती. बाईंचा प्रश्न ऐकून डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"मी कुठलीच फेरी चूक दाबलेली नाही. मला वेळच नसतो. पण..." त्या थांबल्या. "शिकलेला नियम लागू व्हायच्या आधी माझी मंजुरी लागते. या नियमाला मी मंजुरी दिली."

"का दिलीत?"

"उंबरगावकडून चुकून फोन येतात. वाक्य शहाणपणाचं वाटलं. वेवजी डोक्यातच आलं नाही. त्या सकाळी रुचिका मला फोन लावत होती. भूकंपाचा धक्का बसला होता, इथे नेटवर्क नव्हतं. माझ्या परवानगीशिवाय पंचाचं उत्तर मोडायचं नाही, हा नियमही मीच केलेला."

बाई उठल्या. या बाईने चूक केली होती, पण ती चूक झाकण्यासाठी आणखी काही केलं असेल का? मंजुरी देणाराच शिकवणाराही असला, तर सगळं किती सोपं होतं.

रुचिकाचंही त्यांना पटत नव्हतं. तलासरीची मुलगी, टॉवरचं तिला माहीत, लाल अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर. "तू स्वतःच गाडी का नाही पाठवलीस?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "गेल्या महिन्यात एकदा पाठवली होती, डॉक्टरांना न विचारता. मला नोटीस मिळाली. नोकरी गेली तर घरी कोण कमावणार?" आणि लगेच, न विचारता, "चूक मी दाबत नाही, मॅडम. ते काम भाऊंचं. ते रोज बघतात."

हरिश्चंद्रभाऊंच्या घरी दुपारचा चहा झाला. पुढे ओटी, पलीकडे चिकूची झाडं आणि त्यांच्या फटीतून दिसणारी गाडीची पत्र्याची शेड. भाऊंनी भिंतीवरचं वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. पालघरच्या सरकारी बैठकीत ते, डॉ. निधी आणि रुचिका एका रांगेत बसलेले, फोटोखाली बैठकीची तारीख. "पंच कसा चालतो ते सांगायला गेलो होतो. दिवसभर. फोनसुद्धा दाराबाहेर जमा करून घेतले, एवढी मोठी माणसं होती."

"फेऱ्या तुम्ही तपासता?"

"रोज. टॅब्लेटवर, न चुकता." भाऊंनी छाती किंचित पुढे काढली. "माझ्याइतकं बारीक कोणी बघत नाही."

"सीमेकडच्या फेऱ्या चूक का वाटल्या?"

भाऊ गडबडले. चष्मा काढून पुसला. "ते... ते पाहायला लागेल. इतक्या फेऱ्या असतात."

त्यांच्या पत्नी कुसुमबाई झोपाळ्यावर चिकू सोलत होत्या. शेजारच्या खाटेवर त्यांचा मुलगा विपुल बसला होता. तिशीचा, देखणा, पण उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. कुसुमबाई फोड त्याच्या डाव्या हातात ठेवत होत्या.

"लहानपणापासून फिट येते," त्या म्हणाल्या. "दिवाळीत आलेली थांबलीच नाही. तेव्हापासून हात असा आहे."

एवढ्यात शेडमधून गाडी सुटल्याचा आवाज आला. कुसुमबाईंची सुरी थांबली. आवाज नाक्यापर्यंत गेला आणि डहाणूकडे वळला. "जवळच जातेय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि सुरी पुन्हा चालू झाली.

बाहेर पडताना विनिताबाईंच्या मनात भाऊंबद्दलचा संशय पक्का होत होता. माणूस खोटं बोलत होता, एवढं नक्की. रस्त्यावर येतात तोच जतीनचा फोन आला.

"मॅडम, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाय. भीती वाटली. पंचाला एक फेरी उलगडली नव्हती. त्याने इशारा दिलेला. मी तो इशारा बंद करून टाकला."

४

ती फेरी आशागडची होती. साप चावलेल्या रूपी नावाच्या बाईला गाडीने कासा इथे पोचवलं होतं. रूपी वाचली. टॉवर महाराष्ट्राचा, गाव सीमेपासून लांब. तरी खूण चूक अशीच. पंचाचा नियम तिला लागू पडत नव्हता, म्हणून पंचाने ती अपवाद म्हणून बाजूला ठेवली होती.

"एकच तर होती," जतीन म्हणाला. "वाटलं, कोणाचं बोट चुकून लागलं असेल."

"जतीन, बाकी सगळ्या फेऱ्या एका बाजूला आणि ही एक दुसऱ्या बाजूला. मला ही जास्त काही सांगते." बाई खुर्ची ओढून बसल्या. "पंचाने चुकीच्या फेऱ्यांमध्ये सारखं काय ते शोधलं. त्याला सापडला टॉवर. पण त्याला काय काय माहीत होतं? फोन कुठून आला, टॉवर कुठला, दुखणं कसलं. आणखी?"

"एवढंच. फोन करणाऱ्याबद्दलचं."

"कोणती गाडी गेली, हे?"

"नाय. ते त्याला दिलेलंच नाय. नियमात कशाला लागेल, असं वाटलं."

"मग आपण देऊ. आशागडला कोणती गाडी गेली?"

जतीनने शोधलं. त्या दिवशी कासाची गाडी गॅरेजमध्ये होती. गेली होती ती चिखल्याची. सीमेकडच्या पाड्यांना जाणारीही नेहमी चिखल्याचीच. कासाच्या गाडीची एकही फेरी चूक नव्हती. चिखल्याची गाडी किनाऱ्यावर, घोलवडला किंवा डहाणूला गेली, तर तीही बरोबर. चूक फक्त एकच प्रकारची: चिखल्याची गाडी चिखल्यापासून दूर गेली की.

"आता अपवाद उरला?"

"एकही नाय," जतीन पुटपुटला. "म्हणजे पंच चुकला?"

"त्याने जवळ होते त्या शब्दांत बरोबर उत्तर काढलं. ज्याने खुणा केल्या त्याच्या मनात टॉवर नव्हता, वेवजीही नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की गाडी चिखल्यातून हलू नये."

"हरिश्चंद्रभाऊ!" जतीन उभाच राहिला. "घराशेजारी गाडी. मुलगा आजारी. आणि दगड माझ्या दुकानावर!"

बाईंनाही तेच वाटत होतं. त्यांनी पर्स उचलली आणि सहज पडद्याकडे पाहिलं. आशागडच्या फेरीची खूण ज्या दिवशी झाली होती तो दिवस तिथे होता. फेरी सकाळची, खूण त्याच दुपारची. तो दिवस बाईंनी नुकताच कुठेतरी वाचला होता. भिंतीवर, कात्रणातल्या फोटोखाली.

त्या दुपारी भाऊ, डॉ. निधी आणि रुचिका, तिघंही पालघरला एका रांगेत बसले होते. फोन दाराबाहेर जमा होते.

चावी असलेल्या तिघांपैकी एकानेही ती खूण केलेली नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिताबाई एकट्याच चिखल्याला गेल्या. जतीनला त्यांनी येऊ दिलं नाही. भाऊ ओटीवर होते, कुसुमबाई झोपाळ्यावर. विपुल आत झोपला होता.

बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. नियम कसा शिकला गेला, आशागडची फेरी, दोन गाड्या. ऐकता ऐकता भाऊंचा चेहरा पांढरा पडत गेला. मग ते एकदम म्हणाले, "मी दाबलं. सगळ्या खुणा माझ्या. लिहून घ्या."

"आशागडच्या दिवशी तुम्ही पालघरला होतात, भाऊ."

"मग रात्री घरी आल्यावर..."

"खूण दुपारची आहे. आणि खरं सांगा, तुम्हाला तो टॅब्लेट वाचता येतो का?"

भाऊंनी मान फिरवली. मोतीबिंदू वाढला होता. अध्यक्षाला दिसत नाही हे गावाला कळू नये, म्हणून टॅब्लेट रोज बायकोच्या हातात जात होता. ती वाचून दाखवते, आपण सांगू ते दाबते, अशी त्यांची समजूत. हळूहळू त्यांनी सांगणंही सोडलं होतं.

झोपाळा थांबला.

"ह्यांना काही माहीत नाही," कुसुमबाई म्हणाल्या.

"कुसुम, तू गप्प राहा."

"किती दिवस गप्प राहू?" त्यांचा आवाज चढला नाही. "विनिताताई, दिवाळीत विपुलला फिट आली तेव्हा गाडी वेवजीला गेली होती. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते. येईल, आता येईल. आली तोवर त्याचा हात गेला होता. वेवजीला कोणाला काय झालं होतं, मी विचारलं नाही. मला कळूनच घ्यायचं नव्हतं."

"आणि मग?"

"मग तो टॅब्लेट रोज मला विचारायचा, ही फेरी बरोबर की चूक? गाडी लांब गेली की परत येईपर्यंत मी विपुलच्या खाटेपासून हलत नव्हते. माझ्यासाठी ती फेरी चूकच होती. मी दाबायचे. मला वाटायचं, कोणीतरी वाचेल, विचारेल की कुसुमबाई, चूक का म्हणता? मग मी सांगेन की अजून एक गाडी घ्या. कोणी विचारलंच नाही." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "ते यंत्र माझ्याकडून शिकतंय, हे मला ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

"गंगी गेल्यावर कळलं?"

कुसुमबाईंनी मान हलवली. "तुमचा शोध सुरू झाल्यावर ह्यांनी केंद्रातून कळलेलं सगळं बोलून दाखवलं. टॉवर काय, खुणा काय. तेव्हा समजलं. तरी मी बोलले नाही. तो मुलगा मार खात होता आणि मी विपुलला चिकू भरवत होते."

विनिताबाईंना राग यायला हवा होता. आलाही. पण तो कुठे ठेवावा ते कळेना. डॉक्टरांनी विचार न करता मंजुरी दिली, जतीनने इशारा बंद केला, भाऊंनी डोळे लपवले, रुचिकाने नोकरी सांभाळली. यातला एक जरी माणूस थांबून 'का' म्हणाला असता, तर गाडी वेवजीला पोचली असती.

"मी हे सगळं न्यासाला आणि तहसीलदारांना कळवणार आहे," त्या म्हणाल्या. "काहीही गाळणार नाही."

"कळवा," कुसुमबाई उठल्या. "पण त्या माणसाला मी स्वतः सांगते. मला वेवजीला न्या."

भाऊंनी अडवून पाहिलं. लोक चिडलेत, दगड घालतील. कुसुमबाईंनी चपला घातल्या.

पाड्यावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. काकड्या ताडपत्रीची दोरी आवळत होता. कुसुमबाई त्याच्यासमोर उभ्या राहून बोलल्या, मध्ये न थांबता, मुलाचा आजार सांगून दया न मागता. आधी आपण काय केलं ते सांगितलं, का केलं ते नंतर. बायजी नातीला छातीशी धरून ऐकत होती. काकड्याच्या हातातली दोरी ताणलेलीच राहिली.

तो ओरडेल असं विनिताबाईंना वाटलं. तो ओरडला नाही.

"न्यासाचा माणूस येऊन सांगून गेला," तो म्हणाला, "का तू फोन उशिरा केलास म्हणून बाई गेली. पाडा तेच धरून बसलाय. माजी सासू माज्याशी बोलत नाय. मलाबी रोज वाटतंय, मीच उशीर केला का काय."

"नाही," कुसुमबाई म्हणाल्या. "तुम्ही वेळेवर केला होता. गाडी माझ्या दारात उभी होती."

"ते मला नका सांगू." काकड्याने दोरी सोडली. "ते समद्यांना सांगा. हितं उभं राहून. गंगीच्या आईला बोलावतो, तिच्या म्होरं सांगा."

तो पाड्यातून हाका मारत गेला. ताडपत्र्यांखालून माणसं बाहेर येऊ लागली. बाया, म्हातारे, कुबडीवरचा बाबल्या. सगळ्यांत शेवटी काठी टेकत गंगीची आई आली आणि जावयाकडे न बघता लांब उभी राहिली. विनिताबाईंनी कुसुमबाईंचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"मी कुसुम हरिश्चंद्र सावे, चिखल्याची," त्या मोठ्याने म्हणाल्या. "काकड्याने फोन वेळेवर केला होता."

गंगीच्या आईने पहिल्यांदा मान वळवून जावयाकडे पाहिलं.